मर्यादित खर्चात घरीच ध्वनिमुद्रण: नाशिकच्या एका खोलीत स्टुडिओ कसा उभारावा

घरी स्टुडिओ उभारायचे ठरले की बहुतेकांची सुरुवात माईकपासून होते. कोणता माईक चांगला, कितीला मिळतो, अमुक गायिका कोणता वापरते, अशी चौकशी होते, खरेदी होते, आणि पहिले गाणे ऐकताना आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा वाटतो. त्यात माईकचा दोष क्वचितच असतो. गायकाच्या आवाजाबरोबरच समोरच्या भिंतीवरून परतलेला आवाज, पंख्याची घरघर आणि शेजारच्या स्वयंपाकघरातला मिक्सर हे सगळे माईक तितक्याच इमानदारीने टिपतो. म्हणून या लेखात खर्चाचा क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवला आहे: आधी खोली आणि वीज, मग इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारे यंत्र) आणि माईक, आणि स्पीकर सगळ्यात शेवटी, तेही पैसे उरले तर.

संगणक किंवा लॅपटॉप घरात आहे असे गृहीत धरून चाळीस हजार रुपयांची मर्यादा डोळ्यांसमोर ठेवली आहे. त्यातले सुमारे दहा हजार खोलीसाठी, इंटरफेस आणि माईक यांना मिळून सतरा-अठरा हजार, हेडफोनसाठी चार-पाच हजार, स्टँड, केबल आणि पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी) यांना तीन हजार आणि राहिलेली रक्कम वीजजोडणी व सॉफ्टवेअरसाठी, अशी वाटणी मला योग्य वाटते. यंत्रांच्या किमती सतत हलतात, त्यामुळे आकडे थोडे मागेपुढे होतील. प्रमाण मात्र सहसा बदलू नये.

आधी ठरवा: काय मुद्रित करायचे आणि एका वेळी किती जण

अभंग गाणारा एकटा गायक, स्वतःच पेटी वाजवून भावगीत गाणारी गायिका, तबल्याची साथ घेणारा बासरीवादक आणि दहा जणांचे भजनी मंडळ यांच्या गरजा पूर्णपणे वेगळ्या आहेत. पहिल्या तिघांचे काम दहा बाय बाराच्या खोलीत आणि दोन माईकांत होते. चौथ्याचे होत नाही, आणि ते करण्याचा हट्टही धरू नये. भजनी मंडळाचे मुद्रण एखाद्या शांत सभागृहात किंवा देवळाच्या सभामंडपात लॅपटॉप नेऊन करणे अधिक सोयीचे आणि परिणामही चांगला. नाशिक ढोलाच्या पथकाबद्दल तर बोलायलाच नको. तो ढोल मोकळ्या मैदानासाठीच जन्मलेला आहे.

घरगुती स्टुडिओची खरी ताकद एकामागून एक मुद्रण करण्यात आहे. आधी तानपुरा आणि ठेका, त्यावर पेटी, मग गाणे, शेवटी टाळ किंवा कोरस, असे थर चढवत गेले की दोन इनपुटांचा इंटरफेसही पुरतो. एका वेळी दोनपेक्षा जास्त माईक खरोखर लागणार आहेत का, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर ‘कधीतरी लागतील’ असे असेल तर आज दोनच इनपुट घ्या.

खोली निवडताना

घरातली सगळ्यात मोठी खोली ही सगळ्यात चांगली खोली असतेच असे नाही. रस्त्यापासून दूर, जिन्याला आणि लिफ्टला न लागणारी, पाण्याच्या मोटारीवर न उभी असलेली आणि शक्यतो लांबी-रुंदी सारखी नसलेली खोली निवडावी. लांबी-रुंदीच्या या अटीमागे साधे गणित आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, आणि दोन समांतर भिंतींमधील अंतर ज्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीइतके असते तो स्वर त्या खोलीत फुगतो. दहा फुटांच्या, म्हणजे साधारण तीन मीटरच्या अंतरात हा फुगवटा ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनांच्या) आसपास आणि त्याच्या पटींत येतो, तर बारा फुटांत तो ४७ हर्ट्झच्या आसपास येतो. खोली दहा बाय दहाची असेल तर दोन्ही दिशांचे फुगवटे एकाच ठिकाणी पडतात आणि डग्ग्याचा एखादाच स्वर विनाकारण मोठा ऐकू येतो.

खोली पक्की करण्यापूर्वी तिथे एक पूर्ण दिवस अधूनमधून पाच-पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि जे ऐकू येईल ते वेळेसह लिहून काढावे. नाशिकमध्ये ही यादी भागानुसार बदलते. पंचवटीत घंटा, काकड आरती आणि यात्रेकरूंच्या गाड्या. द्वारका आणि मुंबई नाका परिसरात मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ट्रकची खोल घरघर. सिडकोच्या चिकटून असलेल्या घरांमध्ये सामाईक भिंतीतून येणारा शेजारचा टीव्ही. ओझरच्या बाजूला हवाई उड्डाणे. देवळालीकडे तोफखान्याच्या सरावाचे धमाके. गणेशोत्सवाच्या आधीचे काही आठवडे ढोलपथकांचा सराव सगळ्या शहरालाच ऐकू येतो. यातल्या बहुतेक आवाजांवर उपाय करणे आपल्या खिशाबाहेरचे आहे, पण त्यांच्या वेळा आपल्याला कळतात, आणि मुद्रणाचे वेळापत्रक त्या वेळांभोवती आखणे फुकट आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण सर्वात जास्त पैसे त्यातच वाया जातात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे आणि आतला आवाज घुमू न देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांचे साहित्यही वेगळे आहे. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते आणि फट बंद लागते: जाड वीट, जड दार, दुहेरी काच. भिंतीला चिकटवलेला फोम हे काम करीत नाही. ढोलाचा आणि ट्रकचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, त्याची तरंगलांबी काही मीटर असते, आणि हलका फोम त्याला जाणवतही नाही. अंड्यांच्या ट्रेबद्दल इतकेच सांगतो की त्या अंड्यांसाठी चांगल्या असतात.

मग मर्यादित खर्चात काय करावे? फटी बंद कराव्यात. पाण्याने भरलेल्या हंड्याला एक लहानसे भोक असले तरी हंडा रिकामा होतो, तसेच आवाजाचे आहे. दाराखालची बोटभर फट आख्ख्या दाराचे काम निष्फळ करते. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी आणि खाली दारासोबत हलणारा ब्रशचा किंवा रबराचा पट्टा लावला की काही शे रुपयांत जाणवण्याइतका फरक पडतो. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या ही आपल्या फ्लॅटमधली सगळ्यात कमकुवत जागा आहे, कारण त्या मुळातच सैल बसवलेल्या असतात. त्यावर उत्तम उपाय म्हणजे खिडकीच्या आतल्या मापाची जाड प्लायवूडची फळी सुताराकडून करून घेणे, तिच्या कडेला रबर आणि मागे रॉकवूल (खनिज तंतूंची लोकर) लावणे आणि मुद्रणाच्या वेळी ती खिडकीत घट्ट बसवणे. काम झाले की फळी काढून पलंगाखाली सरकवता येते आणि घरातल्यांचा उजेड-वारा अबाधित राहतो. घरातल्यांचा विचार करणे हाही स्टुडिओच्या आखणीचा भाग आहे.

आवाज घुमू नये म्हणून

खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी आणि नंतर कान देऊन ऐकावे. व्हिट्रिफाइड टाइल्सची जमीन, गुळगुळीत पुट्टी आणि रिकाम्या भिंती असलेल्या फ्लॅटमध्ये टाळीमागे एक धातूसारखा थरथरता शेपटा ऐकू येतो. त्याच घरात कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, कापसाच्या गाद्या आणि पुस्तके असलेल्या खोलीत टाळी कोरडी थांबते. जुन्या नाशिकमधल्या वाड्यांत मातीच्या जाड भिंती, लाकडी माळवद आणि कोनाडे असल्यामुळे हा शेपटा बहुधा आधीच कमी असतो. अशी खोली ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती पीओपी करून ‘सुधारण्यापूर्वी’ दोनदा विचार करावा.

पातळ फोम फक्त वरचे स्वर शोषतो. शोषक वस्तू प्रभावी ठरायला तिची जाडी, मागच्या पोकळीसह, त्या स्वराच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या जवळपास असावी लागते. १००० हर्ट्झसाठी हा हिस्सा साडेआठ सेंटिमीटर होतो आणि १०० हर्ट्झसाठी तब्बल ८६ सेंटिमीटर. एक इंची फोमने चारही भिंती मढवल्या तर ‘स’ आणि ‘श’ची चमक मरते, खालचा घुमारा तसाच राहतो, आणि आवाज गोधडीत तोंड घालून गायल्यासारखा येतो.

म्हणून जाड शोषक पॅनेल घरीच करावेत. रॉकवूल हे यासाठीचे नेहमीचे साहित्य. ते प्रति घनमीटर ४८ किंवा ६४ किलो घनतेच्या आणि ५० मिलिमीटर जाडीच्या पाट्यांमध्ये मिळते. कारखान्यांत भट्ट्या आणि वाफेच्या नळ्या गुंडाळायला हाच माल लागतो, त्यामुळे औद्योगिक इन्सुलेशनची कामे करणाऱ्यांकडे सातपूर किंवा अंबडला चौकशी करावी. सुताराकडून चार इंच खोलीच्या, दोन फूट बाय चार फुटांच्या लाकडी चौकटी करून घ्याव्यात, त्यात पाट्यांचे दोन थर बसवावेत आणि वरून सुती कापड ताणून मागच्या बाजूला स्टेपल करावे. कापड असे हवे की तोंडाला लावून फुंकर मारली तर ती आरपार जाईल. रेक्झिन किंवा प्लास्टिकचा थर असलेले पडदे इथे निरुपयोगी आहेत. रॉकवूल हाताळताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, काम गच्चीत करावे आणि मागची बाजूही कापडाने झाकावी, म्हणजे तंतू खोलीत उडत नाहीत.

असे सहा पॅनेल पुरेसे होतात. दोन गायकाच्या पाठीमागे, कारण माईक ज्या दिशेला तोंड करून असतो तिकडचीच भिंत त्याला सर्वाधिक ऐकू येते; दोन बाजूच्या भिंतींवर, तोंडाच्या उंचीला; आणि दोन कोपऱ्यांत तिरके, कारण खालचे स्वर कोपऱ्यात साचतात. भिंतीवरचे पॅनेल चार बोटे पुढे ठेवून टांगावेत. मागची पोकळी फुकटात जाडी वाढवते. जमिनीवर जाड सतरंजी किंवा जाजम हवे. रॉकवूल नको असेल तर कापसाची जुनी गादी उभी करून ठेवावी. ती दिसायला बरी नसली तरी कामाला चोख असते, आणि पिंजून घेतली तर अधिकच. कपड्यांनी खचाखच भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गाणे, म्हणजे माईकचे तोंड कपाटाकडे, हा शून्य खर्चाचा उपाय. खरेदीच्या आधी तो करून पाहावा, म्हणजे शोषणाने आवाज किती बदलतो हे कानाला कळते.

वीज, अर्थिंग आणि गुणगुण

मुद्रणात सतत ऐकू येणारी ‘हंऽऽ’ अशी गुणगुण बहुतेक वेळा ५० हर्ट्झच्या विजेची किंवा तिच्या १०० हर्ट्झच्या पटीची असते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली तर अर्थिंगमध्ये गोम आहे असे समजावे. वायरमनला बोलावून त्या खोलीतल्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थ आणि न्यूट्रल यांच्यातला दाब दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असेल तर दुरुस्ती आवश्यक आहे. जुन्या घरांत तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नसते, हेही पाहावे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. तो जिवाशी खेळ आहे.

संगणक, इंटरफेस आणि त्यांना जोडलेली सगळी यंत्रे एकाच सॉकेटवरच्या एका चांगल्या पट्टीवर घ्यावीत, म्हणजे वेगवेगळ्या अर्थमधून चक्र तयार होत नाही. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मंद करता येणारे दिवे चिरचिर आणतात. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मुद्रण करू नये. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा लॅपटॉप आणि त्याच्याच यूएसबीवर चालणारा इंटरफेस ही सगळ्यात स्वच्छ व्यवस्था, आणि अनेकदा नेहमीच्या विजेपेक्षाही शांत.

संगणक आणि सॉफ्टवेअर

आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला पाच-सहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही दहा-पंधरा ट्रॅकचे, म्हणजे थरांचे, गाणे निभावतो. त्याचा पंखा मात्र माईकपासून दूर हवा. लॅपटॉप टेबलाखाली किंवा पॅनेलच्या आड ठेवावा.

सॉफ्टवेअरसाठी रीपर ही माझी पहिली शिफारस. साठ दिवस ते पूर्ण स्वरूपात मोफत वापरून पाहता येते, वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे, आणि जुन्या संगणकावरही ते हलके चालते. मॅक असेल तर त्यासोबत मोफत मिळणाऱ्या गॅरेजबँडवर सुरुवात करायला हरकत नाही. ऑडॅसिटी एका आवाजाच्या कामाला, म्हणजे निवेदन किंवा कथाकथनाला उत्तम आहे, पण थर चढवून गाणे बांधायला ते अपुरे वाटू लागते. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर घेऊ नये. नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्यातून येणारे व्हायरस वर्षाचे काम एका रात्रीत पुसू शकतात.

इंटरफेस

माईकचा क्षीण विद्युत संकेत वाढवून त्याचे आकड्यांत रूपांतर करणे आणि संगणकातला आवाज हेडफोनपर्यंत आणणे, ही दोन्ही कामे इंटरफेस करतो. दुकानात त्याला ‘साउंड कार्ड’ही म्हणतात. बेहरिंगरचा यूएमसी२२ किंवा फोकसराईटचा स्कार्लेट सोलो यांसारखे सुरुवातीच्या श्रेणीतले इंटरफेस घरगुती कामाला पुरेसे आहेत. घेताना चार गोष्टी तपासाव्यात: तीन पिनांची एक्सएलआर जोडणी, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकला त्याच्याच तारेतून मिळणारी वीज), हेडफोनसाठी स्वतंत्र आवाजाचे बटण आणि डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न जाता माईकचा आवाज थेट हेडफोनला मिळण्याची सोय). विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोहोचवणारा प्रोग्रॅम) मिळतो का, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. तबला आणि गाणे एकाच वेळी वेगवेगळ्या माईकवर घ्यायचे असेल तर दोन माईक प्रीॲम्प (माईकचा संकेत वाढवणारे भाग) असलेलाच नमुना लागेल. यूएमसी२२ आणि सोलोमध्ये माईकचा प्रीॲम्प एकच असतो, हे अनेकांना घरी आल्यावर कळते.

माईक

कंडेन्सर की डायनॅमिक, या प्रश्नाचे उत्तर खोलीच्या शांततेवर अवलंबून आहे. कंडेन्सर माईक अधिक संवेदनशील असतो, त्याला फँटम पॉवर लागते, आणि तो सतारीची बारीक झंकार जशी टिपतो तशीच तिसऱ्या मजल्यावरची कुकरची शिट्टीही टिपतो. डायनॅमिक माईक जवळच्या आवाजाला प्रतिसाद देतो आणि दूरच्या आवाजाकडे बऱ्यापैकी दुर्लक्ष करतो. महामार्गालगतच्या किंवा रहदारीच्या घरात डायनॅमिक घ्यावा. गंगापूर रोडच्या आतल्या शांत गल्लीत, शोषक पॅनेल लावलेल्या खोलीत ऑडिओ-टेक्निका एटी२०२० सारखा कंडेन्सर शोभतो.

डायनॅमिक घ्यायचा तर शुअर एसएम५८ हा १९६६ पासून बाजारात असलेला माईक गायनासाठी आणि त्याचा १९६५ चा भाऊ एसएम५७ वाद्यांसाठी आजही खात्रीचा आहे. या दोन्हींच्या नकला मात्र सर्रास विकल्या जातात. किंमत अविश्वसनीय वाटावी इतकी कमी असेल तर ती नक्कलच असते. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊनच खरेदी करावी. यूएसबी माईक सोपे वाटतात, पण त्यांना पुढे दुसरा माईक जोडणे अवघड जाते. गाणे करायचे असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

स्टँड जड तळाचा घ्यावा. पॉप फिल्टर घरीही होतो: भरतकामाच्या लाकडी रिंगवर नायलॉनच्या मोज्याचे कापड दुहेरी ताणले की झाले.

हेडफोन आधी, स्पीकर नंतर

मुद्रणासाठी बंद पाठीचे हेडफोन लागतात, नाहीतर कानातला ठेका माईकमध्ये गळतो आणि नंतर काढता येत नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एम२०एक्स किंवा एम४०एक्स या श्रेणीतले पुरेसे आहेत. ब्लूटूथ हेडफोन अजिबात चालणार नाहीत, कारण त्यांत आवाज उशिरा पोहोचतो आणि गायक लयीच्या मागे पडतो. बास वाढवून ऐकवणारे फॅशनेबल हेडफोनही नकोत. त्यावर केलेले मिक्सिंग, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून एक गाणे करणे, इतर सगळीकडे पोकळ वाटते.

स्टुडिओ मॉनिटर स्पीकर पहिल्या वर्षी घेतले नाहीत तरी बिघडत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ इंची स्पीकर ठेवणे म्हणजे खोलीचे खालचे फुगवटे विकत घेणे. पुढे घ्यालच तर चार-पाच इंची घ्या.

जोडणी आणि पातळी

सॉफ्टवेअरमध्ये मुद्रणाची सूक्ष्मता २४ बिट आणि नमुने घेण्याचा वेग ४८ किलोहर्ट्झ निवडावा, कारण आजकालचे बहुतेक गाणे शेवटी व्हिडिओसोबत जाते आणि व्हिडिओचा रिवाज ४८चा आहे. या मापाने एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा लागते.

आता गेन, म्हणजे माईकचा संकेत किती वाढवायचा ते. गायकाला गाण्यातला सगळ्यात चढा भाग, बहुधा अंतऱ्यातला तार षड्ज, पूर्ण ताकदीने गायला सांगावे आणि त्या क्षणी मीटर उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान थांबेल इतकाच गेन ठेवावा. सरासरी उणे १८च्या आसपास राहिली तरी चालते. कॅसेटच्या काळात फितीची खरखर दाबण्यासाठी आवाज भरभरून घ्यावा लागे. २४ बिटमध्ये तसे करण्याची गरज उरलेली नाही, आणि शून्याला टेकून फाटलेला आवाज कोणत्याही प्लगइनने (सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या आवाज सुधारण्याच्या साधनाने) नीट सांधता येत नाही. तालमीपेक्षा प्रत्यक्ष टेकमध्ये गायक जोरात गातो, हे गृहीत धरून थोडी जागा आणखी सोडावी.

संगणक आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो त्यांचे माप म्हणजे बफर. तो १२८ ठेवला तर ४८ किलोहर्ट्झवर सुमारे २.७ मिलिसेकंदांचा उशीर होतो, १०२४ ठेवला तर एकवीसचा, आणि येताना-जाताना मिळून तो आणखी वाढतो. गाताना स्वतःचा आवाज उशिराने ऐकू आला तर सुरावरही परिणाम होतो. मुद्रणाच्या वेळी बफर कमी ठेवावा किंवा डायरेक्ट मॉनिटरिंग वापरावे, मिक्सिंगच्या वेळी वाढवावा.

पट्टी जुळवून घेणे

इंग्रजी पद्धतीच्या मार्गदर्शकांत ही पायरी सापडत नाही, पण आपल्याकडे तीच अनेकदा गाणे बिघडवते. जुन्या पेट्या क्वचितच ४४० हर्ट्झच्या मापाला जुळलेल्या असतात. पेटीची पांढरी सहा, म्हणजे पाश्चात्त्य ‘ए’ स्वर, दाबून ट्यूनर ॲपवर पाहावे. ४४० किंवा २२० च्या ऐवजी काटा सातत्याने वर किंवा खाली दिसला तर त्या पेटीवर आधी मुद्रण करून नंतर कीबोर्डची किंवा संगणकातल्या तानपुऱ्याची जोड देताना दोन्ही एकमेकांना खातात. उपाय सोपा आहे: पेटी बदलता येत नाही, कीबोर्ड आणि तानपुरा ॲप बदलता येतात. त्यांचे मूळ माप पेटीला जुळेल असे, समजा ४४३, करून घ्यावे, आणि तबलाही त्याच वेळी लावावा. पेटीचे सगळेच सूर एकमेकांशी विसंगत असतील तर मात्र ती आधी ट्यूनिंगला द्यावी.

प्रत्यक्ष मुद्रण

गाणे पूर्ण बसल्याशिवाय मुद्रणाला बसू नये. नाशिकलाच १९२१ मध्ये जन्मलेल्या द. वि. पलुस्करांच्या काळात ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत आणि जोडकामाची सोय नव्हती. राग त्या वेळात मांडायचा तर आलाप किती, ताना किती, हे आधीच ठरवून यावे लागे. आज आपल्याला हव्या तितक्या टेक घेता येतात, म्हणून बहुतेक जण तालीम माईकसमोरच करतात आणि दमलेला आवाज मुद्रित करतात.

गायकाचे तोंड माईकपासून एक वीत दूर असावे आणि पॉप फिल्टर मधोमध. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माईकच्या फार जवळ गेल्यास खालचे स्वर फुगतात. बारीक आवाजाला त्याचा फायदा होतो, खर्जातल्या आवाजाला तोटा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांबरोबर हवेचा झोत सुटतो, आणि ‘पांडुरंग’ किंवा ‘भाव’ समेवर आला की फिल्टर असूनही धप्प असा आवाज येतो. अशा वेळी माईक तोंडाच्या समोर न ठेवता दोन-तीन बोटे वर, कपाळाच्या दिशेने घ्यावा आणि खाली ओठांकडे झुकवावा. झोत खालून निघून जातो आणि शब्द स्पष्ट राहतात. माईकपुढे कागदाची पट्टी धरून ‘भाव’ म्हणून पाहिले की झोत नेमका कुठे जातो ते दिसते.

तबल्याला एकच माईक असेल तर तो तबला आणि डग्गा यांच्या मध्ये, दीड फूट उंचीवर, वादकाच्या समोरून लावावा. चाट पातळ आणि डग्गा जड वाटत असेल तर माईक तबल्याकडे थोडा सरकवावा. दर वेळी दोन बोटेच सरकवून ऐकावे. दोन माईक असतील तर त्या दोघांतले अंतर प्रत्येकाच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट ठेवण्याचा नियम पाळावा आणि एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटवून ऐकावे. उलटवल्यावर डग्गा भरीव वाटला तर तशीच ठेवावी. पेटीचा माईक भात्यापासून दूर, पुढच्या बाजूने, हातभर अंतरावर आणि थोडा वरून हवा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला माईक लावू नये, त्याच्या लाइन आउटमधून तार थेट इंटरफेसला घ्यावी.

वेळेचे म्हणाल तर ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई असल्याने साडेदहानंतर शहर बरेच निवते, पण तेव्हा चढ्या पट्टीत गाणे शेजाऱ्यांना रुचत नाही. पहाटे पाच ते सात ही वेळ शांततेला आणि गळ्यालाही बरी, देऊळ जवळ नसेल तर. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये वीस मिनिटांच्या बैठका करून मध्ये खोली उघडावी. नाशिकचा हिवाळा या कामासाठी वरदान आहे. निफाडकडचा पारा उतरला की पंख्याची आठवणही येत नाही.

मिक्सिंग

पहिल्यांदा सगळी प्लगइन बंद ठेवून केवळ ट्रॅकच्या पातळ्यांवर गाणे उभे करावे. शब्द कळतात का, ठेका कळतो का, तानपुरा जाणवतो पण टोचत नाही ना, एवढेच पाहावे. मग गाण्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचे कापावे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचमही सुमारे १०४ हर्ट्झवर असतो, त्यामुळे आवाजाचे काही हरवत नाही आणि ट्रकची घरघर जाते. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारे साधन, हलका, तीनास एक प्रमाणात, मोठ्या आवाजावर तीन-चार डेसिबल दाबेल इतकाच. आपल्या गाण्यात मींड आणि आवाजाचा चढउतार हाच जीव असतो, आणि सिनेगीतासारखे चेपून टाकले की ख्याल किंवा अभंग सपाट होतो. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, कमी वाटेपर्यंत कमी करावा.

यूट्यूब, स्पॉटिफाय यांसारखी माध्यमे गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे माप) पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे त्याहून मोठे करण्यात हशील नाही; सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलवर ठेवावे. तयार गाणे मोबाइलच्या स्पीकरवर, गाडीत आणि घरातल्या टीव्हीवर ऐकावे, आणि जे तिन्ही ठिकाणी खटकते तेवढेच दुरुस्त करावे.

फायली, ओल आणि हक्क

प्रत्येक गाण्याचे वेगळे फोल्डर करावे, नावात पट्टी आणि लय लिहावी, आणि दर बैठकीनंतर बाहेरच्या हार्ड डिस्कवर व क्लाउडवर प्रत काढावी. एकच प्रत म्हणजे प्रत नाहीच.

पावसाळ्यात तबल्याची पुडी सैल पडते आणि कंडेन्सर माईक ओलीने चिरचिरतो. मुद्रण झाल्यावर माईक स्टँडवर तसाच न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि पुड्या प्रत्येक पावसाळ्यात नव्या घ्याव्यात. पॅनेलच्या मागे भिंतीला ओल येत असेल तर ते उतरवून आधी गळती दुरुस्त करावी, नाहीतर बुरशी कापडावर येते आणि श्वासावाटे गळ्यात जाते.

गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वी हक्क तपासावेत. संतांच्या अभंगांचे शब्द मुक्त आहेत, पण त्याला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल मुक्त नसते. भारतीय कायद्यानुसार काव्य आणि संगीत यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीपासून ६० वर्षे. चाल स्वतः बांधली असेल तर हा प्रश्न येत नाही. साथीला बोलावलेल्या तबलजीशी मात्र मानधन आणि श्रेयनाम यांबद्दल मुद्रणाआधीच बोलून घ्यावे आणि ठरले ते दोन ओळींत लिहून ठेवावे.